रथाशी थांबलेला कुत्रा

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याशिवाय इंद्राच्या रथात चढण्यास नकार देतो. वर्गात या प्रसंगावर बोलताना आम्ही धर्माची चर्चा करतो. कुत्र्याला रथात चढायचे होते का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

गोखिवऱ्यातील आमच्या घरी तो मोतीने उपस्थित केला. गाडीचे दार उघडताच आत झेपावणारा हा आठ वर्षांचा कुत्रा एके दिवशी दाराशीच थरथरू लागला, लाळ गाळू लागला. असा अचानक बदल सांधेदुखीने वा कानाच्या विकारानेही होतो, म्हणून आधी पशुवैद्यांची तपासणी झाली. आजार निघाला नाही. मग उभ्या, बंद गाडीजवळ त्याचे जेवण. पुढे आत बसणे. मग इंजिन सुरू. मग गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. भीती दिसली की एक पायरी मागे.

१९२४च्या लेनिनग्राडमधील पुरातून वाचवलेल्या पाव्लॉव्हच्या काही कुत्र्यांची अंगवळणी पडलेली शिकवण विस्कटून गेली होती. ज्याला आपण हट्ट म्हणतो, ती अनेकदा स्मृती असते.

महामार्ग अजून दूर आहे. एका कुत्र्यासाठी इंद्राचा रथही खोळंबला होता; आमच्या गाडीला कसली घाई?