बाणकोटपर्यंत

रत्नागिरीहून सागरी मार्गानं उत्तरेला निघालं की मिशनऱ्यांचा इतिहास शेवटच्या पानापासून वाचावा लागतो. त्यातलं एक ताजं पान खुद्द शहरातलं. कोल्हापुरात आधीच रुजलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं १८७३ साली इथं ठाणं मांडलं. पुढं मिरजेला डॉ. वॉनलेस यांचं आणि वेंगुर्ल्याला सेंट ल्यूक्स अशी त्यांची रुग्णालयं नावारूपाला आली. रत्नागिरीचं नाव मागंच राहिलं. इथले रिक्षावाले लोकमान्यांचं जन्मघर आणि थिबा पॅलेस दाखवायला तत्पर. अमेरिकन मिशन म्हटलं की मात्र, "कुठली कंपनी?"

जयगडला एक फेरीबोट, धोपाव्याला दुसरी. दाभोळ ओलांडून घाट चढलो की दापोली. कॅम्प हे नाव अजून तिला चिकटलेलं आहे. गोऱ्या सैनिकांची वस्ती होती, म्हणून त्यांना प्रार्थनेला चर्चही हवं होतं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती इथली मिशन शाळा. ही अँग्लिकन पंथाच्या एसपीजी संस्थेची. म्हणजे अमेरिकन नव्हे, इंग्रज पाद्री. आल्फ्रेड गॅडने यांचं नाव मिरवणारं आजचं एजी हायस्कूल ते हेच. पालगडहून साने गुरुजी इथं शिकायला आले. त्यांच्याआधी पांडुरंग वामन काणे इथूनच मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून भारतरत्न मिळवणारा माणूस पाद्र्यांच्या बाकावर घडला! शाळा चालवणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण इथल्या ब्राह्मणांनी इंग्रजी, गणित तेवढं उचललं आणि बाकीचं नम्रपणे परत केलं.

याच मुलखातल्या करजगावात १८६१ साली नारायण वामन टिळक जन्मले. ज्यांचे अभंग मराठी चर्चमध्ये आजही म्हटले जातात, त्या या कवीला ख्रिस्त भेटला तो मात्र कोकणाबाहेर. आगगाडीत एका अनोळखी युरोपियनानं त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किनाऱ्यावर पाद्री कित्येक वर्षं पाय झिजवत होते, तिथं हे घडलं नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव ऐन भरात होता. पापलेटवर बोली लागत होती आणि कानावर मराठीचा नुसता मारा. १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन हर्णै-बाणकोटला मराठी शिकायला राहिले होते. गुरू म्हणून शास्त्रीबुवा असतील, पण या बंदरानंही त्यांना थोडं शिकवलंच असणार. भाषा येताच त्यांनी मुंबई गाठली. तिथल्या विल्सन कॉलेजला त्यांचंच नाव आहे. कोकणानं पाद्र्यांना भाषा भरभरून दिली, माणसं हात आखडून. माझा तरी हिशोब असाच निघतो.

आंजर्ले, केळशी, वेळास करत बाणकोटला पोचलो. हा या पोथीचा पहिला अध्याय. स्कॉटिश मिशनचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये इथं आले आणि त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी शाळा काढल्या, पण दहा-बारा वर्षांत मिशननं पुण्या-मुंबईकडे मुक्काम हलवला. जांभ्या दगडाचा किल्ला, ज्याला इंग्रज फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत, तो तेवढा शिल्लक आहे.

वेसवीच्या धक्क्यावर बागमांडल्याची बोट लागायची होती. तिकीट फाडणाऱ्या काकांना विचारलं, "काका, बाणकोटात पूर्वी पाद्री राहायचे, त्यांचं घर कुठं होतं?"

"पाद्री?" त्यांनी सुटे पैसे हातावर ठेवले. "मुंबईला गेले असतील. हितं कोण ऱ्हातंय?"