तळ्याचा स्वभाव आणि माशांची वाट

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस देवरीहून चिचगडाकडे जाणाऱ्या प्रवाशाला तीन गोष्टी सोबत करतात: रान, धानाच्या बांध्या आणि तळीं. तळें म्हटलें कीं पुण्याकडील वाचकास देवळापुढील दगडी घाट आठवेल. इकडील तळें निराळें. उताराचें पाणी मातीच्या पाळीनें अडवावें आणि तुडुमांतून, म्हणजे पाळींतील मोरींतून, तें धानास द्यावें, अशी ही योजना. गोंड राजवटीच्या काळीं कोहळी समाजानें हें कसब नांवारूपास आणलें. नवेगाव बांध हा त्याचा प्रसिद्ध नमुना. ही तळीं धान पिकवितात, तशीच ढिवर कुटुंबांची चूलहि पेटती ठेवतात.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या पानांत मासा येत नसेल. तरी पाणी पालटतें तशी माशाची वागणूक कशी पालटते, हें पाहणें उद्बोधक आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे उथळ पाण्याकडे, थेट बांध्यांपर्यंत चढतात. थंडींत ते खोल पाणी धरतात व खातातहि कमी. उन्हाळ्यांत पाणी आटतें आणि तापतें; तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. रात्रीं पाणवनस्पतीहि तो खर्च करीत असल्यामुळें पहाटे त्याची टंचाई फार. तेव्हां रोहू आणि कतला वर येऊन तोंडाची उघडझाप करूं लागतात.

मरळीची रीत वेगळी. ती वर येऊन हवेंतूनच श्वास घेते, म्हणून गढूळ व कोमट पाण्यांतहि तग धरते. पाणवेलींच्या आडोशास दबा धरून ती बेडूक व लहान मासे टिपते. वीणहि तेथेंच होते, आणि पिलांच्या थव्यावर आईबाप पहारा करतात. म्हणून जाणता ढिवर आधीं तळ्यांतील वनस्पती पाहतो, मग गळ टाकतो.

आजच्या अडचणीचें मूळ याच ठिकाणीं आहे. हा मुलूख मध्यप्रदेशांत असतांना १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व तळीं सरकारकडे गेलीं. पाळीची आणि गाळाची नित्य निगा मंदावली. पुढें झपाट्यानें वाढणाऱ्या रोहू, कतला व मृगळ यांचें बीज सोडण्याची प्रथा पडली. हे मूळचे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यांत ते सहसा वीत नाहींत, म्हणून बीज पुन्हां पुन्हां विकत आणावें लागतें. मरळ, शिंगी, मागूर यांस असा खर्च नाहीं. त्यांना हवा असतो तो फक्त आडोसा. परंतु गाळ साचला, कांठीं बेशरम माजली, कोठें गवत्या माशानें पाणवेली फस्त केल्या. कमळें, पोयणीं व देवधान विरळ झालें. माशांचें घर मोडलें, आणि त्याबरोबर ढिवरांच्या घरची हक्काची मासळीहि घटली.

यावर उपाय शेजारींच झाला आहे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यांत ढिवरांच्या सहकारी संस्थांनीं, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्यानें, बेशरम उपटून काढली आणि तळ्यांत देशी पाणवनस्पती पुन्हां लावल्या. त्या वनस्पतींची जुनी ओळख ढिवर स्त्रीपुरुषांपाशीं होतीच. शास्त्रानें तिला मान दिला, इतकेंच.

तेव्हां चिचगडाच्या वाटेनें जाणाऱ्यानें तळें किती भरलें आहे एवढेंच पाहून पुढें जाऊं नये. कांठाजवळ काय उगवलें आहे, तेंहि पाहावें. पाणी पाऊस देतो. त्या पाण्याचें तळें करणें माणसाच्या हातीं आहे.