मतं मागवा, पण तारीख घालून

ऑनलाइन समुदायांचे नियम लिहून देणं हे माझं काम. कुठे वाचकांचा गट असतो, कुठे पालकांचा, कुठे एखाद्या अ‍ॅपच्या वापरकर्त्यांचा. मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा भांडण होऊन गेल्यावर. चालकांनी मोठ्या मनाने 'गटाबद्दल काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा' असं लिहिलेलं असतं, दोन दिवसांत तिथे रणकंदन माजलेलं असतं, आणि मग मागणी ठरलेली: 'लोकांनी नीट बोलावं असे काही नियम करून द्या.'

मी आधी एवढंच विचारते, की आलेल्या सूचनांचं तुम्ही काय करणार होतात? यावर शांतता पसरते. कारण तिथवर विचारच झालेला नसतो. लोक उद्धट असतात म्हणून अशा चर्चा बिघडतात, हे फार तर अर्धं खरं आहे. आपण बोललेलं कुठे पोचलं हे कळलं नाही, की माणूस तेच पुन्हा बोलतो, आणि दुसऱ्या वेळी आवाज चढलेला असतो. म्हणून माझ्या मसुद्यात पहिली कलमं मत मागणाऱ्याला बांधणारी असतात. सदस्यांनी कसं बोलावं, ते नंतर.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. इंटरनेट ज्या कागदांवर उभं राहिलं, त्यांचं नावच मुळी 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' (आरएफसी), म्हणजे 'मतं कळवण्याची विनंती', असं आहे. त्यातला पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर यांचा. क्रॉकर तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होते, आणि इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याला जोडले जाणारे संगणक एकमेकांशी कसे बोलतील हे ठरवायला बसलेली मंडळी बरीचशी अशीच विद्यार्थी होती. कोणी अधिकारी माणूस येऊन हे काम हातात घेईल अशी त्यांना धाकधूक होती. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या कागदात क्रॉकरनी या टिपणांचे नियम सांगितले. टिपण घोटून गुळगुळीत करत बसू नका, वेळेवर पाठवा. उत्तर नसलेला प्रश्नही चालेल. किमान लांबी एक वाक्य. छापल्यासारखं दिसणारं काहीही लोकांना अंतिम वाटतं आणि अर्धवट विचार मांडायला माणूस कचरतो, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. आजच्या गटांचे नियम बघा, बहुतेक 'हे करू नका, ते करू नका' असेच असतात. तो पहिला नियम मात्र उंबरठा खाली आणण्यासाठी केलेला होता.

पुढे १९८६ मध्ये या कामासाठी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स उभी राहिली. तिथे सदस्यत्वाचा फॉर्म नाही आणि मतदानही नाही. सभेचा कल बघायचा असेल तर अध्यक्ष दोन्ही बाजूंना आळीपाळीने हुंकार द्यायला सांगतात आणि कुठला हुंकार मोठा ते ऐकतात. (करोनाच्या काळात सभा पडद्यावर गेल्या तेव्हा या हुंकाराचं काय करायचं, हा खराखुरा तांत्रिक प्रश्न झाला होता.) हुंकारात हात मोजता येत नाहीत, आणि त्यात गंमत आहे तसाच हेतूही आहे. २०१४ च्या एका आरएफसीत पीट रेझ्निक यांनी त्यामागचा विचार उलगडला आहे. शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले, तरी त्या पाचांच्या आक्षेपाला कोणी उत्तर दिलेलं नसेल तर सहमती झाली असं म्हणता येत नाही. उलट, विरोधात शंभर जण असले आणि सगळ्यांचा आक्षेप एकच असला, ज्याला नीट उत्तर देऊन झालं आहे, तर सहमती मानता येते. आक्षेपाला उत्तर मिळालंच पाहिजे, तो मान्य झालाच पाहिजे असं नाही.

हे वाक्य मी प्रत्येक गटाच्या नियमांत या ना त्या रूपात घालते. चालकांना त्याची भीती वाटते, कारण प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यायचं म्हणजे काम वाढतं. सदस्यांनाही ते आधी रुचत नाही. 'आम्ही इतके जण म्हणतोय' हे त्यांचं हत्यार बोथट होतं.

मताचं काय करणार हे आधी ठरलेलं नसलं की काय होतं, ते विकिपीडियाने जगाला दाखवलं. २०१४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने चित्रं बघण्याची 'मीडिया व्ह्यूअर' नावाची नवी सोय सगळीकडे आपोआप सुरू ठेवली. जर्मन विकिपीडियाच्या संपादकांनी रीतसर कौल घेतला. त्या समुदायात असा कौल घेण्याची पद्धत पक्की आहे, आधी पाठिंबा गोळा करायचा आणि मगच प्रश्न मांडायचा. बहुमत पडलं ते ही सोय आपोआप सुरू नसावी, या बाजूने. एका प्रचालकाने ती बंद केली. फाउंडेशनने ऑगस्टमध्ये 'सुपरप्रोटेक्ट' नावाचं कुलूप बनवलं, जे समुदायाने निवडलेल्या प्रचालकांनाही उघडता येत नव्हतं, आणि ती सोय ज्या पानावरून बंद केली होती त्या पानाला ते लावलं. शेकडो संपादकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. ज्या सोयीवरून हे सुरू झालं ती मागेच राहिली. आमचा कौल नुसता ऐकायचा होता की मानायचा होता, हा वाद झाला, आणि ते आधी कोणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. कुलूप निघायला नोव्हेंबर २०१५ उजाडला.

त्याच वर्षाच्या अखेरीस फाउंडेशनच्या एका तांत्रिक चमूने संपादकांकडून इच्छा मागवायला सुरुवात केली, आणि तिची रचना मला फार आवडते. मुदत ठरलेली. सगळ्यात जास्त पाठिंबा मिळालेल्या दहा मागण्या आम्ही तपासू आणि हाताळू, एवढंच वचन. प्रत्येकीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसेल असं मांडलेलं, अमुक मागणी जमणार नाही हेसुद्धा. वचन छोटं होतं, आणि म्हणून ते तपासून बघता येत होतं.

मराठी विकिपीडियावर चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात. नाव झकास आहे. पण चावडीवर जे बोललं जाई त्याचा शेवट कोणीतरी करत असे, आणि ऑनलाइन चर्चेत हाच माणूस गायब असतो. इंग्रजी विकिपीडियावर समुदायाचं मत मागण्याची चर्चा साधारण ३० दिवस चालते आणि तिचा निष्कर्ष वादात नसलेल्या माणसाने लिहावा असा संकेत आहे. निष्कर्ष लिहिताना तो डोकी मोजत नाही, मुद्दे तोलतो. ३० दिवस लांबट वाटतात. पण ज्या गटात सदस्य नाशिकलाही आहेत आणि न्यू जर्सीतही, तिथे दोन दिवसांची चर्चा म्हणजे ज्यांचा फोन हातात असतो त्यांची चर्चा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर सकाळचा मुद्दा दुपारच्या फुलांच्या फोटोंखाली गाडला जातो. तिथे मत मागवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. घोषणा तिथे करा, मतं दुसरीकडे लेखी घ्या.

गच्चीवर बाग करणाऱ्यांचा एक गट आहे. रोपं विकणाऱ्यांच्या जाहिराती चालू द्याव्यात का, यावरून तिथे दोन तट पडले होते. आम्ही प्रश्न बदलला. 'जाहिराती हव्यात का?' असं विचारलं की हो आणि नाही यांचीच कुस्ती लागते. 'जाहिरातींमुळे तुम्हाला नेमका काय त्रास होतो, किंवा काय फायदा होतो?' असं विचारलं. तीन आठवडे मुदत दिली. चालक काय ठरवू शकतात आणि काय नाही, हे वर लिहिलं: गट पूर्ण बंद करणं किंवा सदस्यत्वाला पैसे लावणं हा विषयच नाही. सारांश लिहायला अशी सदस्य शोधली जी रोपं विकतही नव्हती आणि विकतही घेत नव्हती. उत्तरांतून कळलं की बहुतेकांचा राग जाहिरातींवर नव्हताच. रोगाबद्दल विचारलेल्या प्रश्नाखाली 'आमच्याकडून नवं रोप घ्या' असं लिहिण्यावर होता. मग रविवारी जाहिरात, एरवी नाही, आणि कोणाच्या प्रश्नाखाली कधीच नाही, असं ठरलं. जे मुद्दे मान्य झाले नाहीत त्यांच्यापुढे एकेका ओळीचं कारण लिहिलं. दोन जण तरीही गट सोडून गेले. नियमांनी सगळे राजी होतात असं मी कधीच म्हणत नाही.

एका बाबतीत मात्र मी खुल्या चर्चेच्या विरोधात आहे. 'माझा मजकूर का काढला?' हा वाद सर्वांसमोर घेऊ नये. पारदर्शकतेच्या नावाखाली लोक हा आग्रह धरतात, आणि तो ऐकायला न्याय्यही वाटतो. पण ज्याचा मजकूर काढला तो सगळं बोलू शकतो, आणि नियंत्रकाला तक्रार कोणी केली, आधी काय घडलं होतं, हे सांगता येत नाही. एका बाजूचे हात बांधून लावलेली ती लढत असते. अशा तक्रारीला वेगळी, खाजगी वाट हवी, आणि ती मजकूर काढणाऱ्या नियंत्रकाकडेच परत जाणारी नको. नियम बदलावा का, ही चर्चा मात्र खुलीच हवी. या दोहोंतली रेघ कागदावर नसली की प्रत्येक धोरणाची चर्चा कोणाच्या तरी जुन्या जखमेवर येऊन थांबते.

सभ्यतेची कलमं मी शेवटी लिहिते आणि ती थोडकीच असतात: माणसावर नाही, मुद्द्यावर बोला, एकच मुद्दा पुन्हा मांडायचा तर नवं काहीतरी घेऊन या, दुसऱ्याचा खाजगी निरोप चर्चेत आणू नका. यापलीकडची यादी कोणी वाचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याही गटात कोणीतरी 'नव्या वर्षात गट कसा असावा, सुचवा' असं लिहील. चालक तुम्ही असाल, तर त्या निरोपात शेवटची तारीख घाला, उत्तर कोण देणार त्याचं नाव लिहा, आणि काय बदलणं तुमच्या हातात नाही तेही सांगा. निर्णय आधीच झालेला असेल तर मत मागू नका, सरळ कळवून टाका.