आजानुबाहूंच्या गावी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अमेरिकेत ताईकडे गेलो होतो. बॉस्टनजवळच्या एका लहानशा गावात ती गेली वीस वर्षे राहते. माझ्या पेटीत चकल्या, अनारसे आणि भाच्यासाठी घेतलेली चार मराठी पुस्तके होती. चकल्या पहिल्या संध्याकाळीच संपल्या. पुस्तके अजून तशीच असावीत.

भाचा पंधरा वर्षांचा. मागच्या खेपेला भेटला तेव्हा दिवसभर अंगणात चेंडू आपटत असे. त्या आवाजाने माझी दुपारची झोप उडायची. या खेपेला अंगण शांत होते. गॅरेजवरच्या कड्याखाली पानांचा ढीग साचला होता. मी चौकशी केली, तेव्हा ताई मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. भिंतीवर पेन्सिलीच्या चार खुणा होत्या. दोन उभ्या अंतराच्या, दोन आडव्या.

"उंची पाच फूट नऊ इंच," ताई म्हणाली, "आणि हात पसरले की पाच फूट आठ. हात उंचीपेक्षा आखूड आहेत म्हणे. कुठेतरी वाचलं आणि खेळ सोडून बसलाय. तीन आठवड्यांनी शाळेच्या संघाची निवड आहे. अरे, तू मास्तर ना? तू तरी सांग त्याला काहीतरी."

आता मी मराठीचा अध्यापक. बास्केटबॉल हा शब्द शुद्ध कसा लिहावा, यापलीकडे त्या खेळाशी माझा संबंध नाही. पण दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या लांबीला आपल्याकडे शब्द आहे, हे मला ठाऊक होते. वाव. विहिरीचा दोर आणि पाण्याची खोली आपले आजे-पणजे वावेने मोजत. सामान्य माणसाची वाव त्याच्या उंचीएवढीच भरते, आणि लिओनार्दोने वर्तुळात उभा केलेला तो प्रसिद्ध पुरुषही हेच सांगतो. मी भाच्याला हे ऐकवले. तो म्हणाला, "मामा, तो पुरुष एन.बी.ए.मध्ये खेळत नव्हता."

यावर मला उत्तर सुचेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी गाडी काढली आणि आम्ही तिघे स्प्रिंगफील्डला निघालो.

बॉस्टनहून स्प्रिंगफील्ड पश्चिमेला सुमारे नव्वद मैल. पानगळ निम्म्याहून अधिक उरकली होती. ओकची तेवढी तांबूस पाने फांद्यांना चिकटून होती. गाव कनेक्टिकट नदीच्या काठी आहे, आणि नदीलगतच्या हमरस्त्याच्या कडेला एक प्रचंड चेंदूच्या आकाराचा घुमट दिसतो. हेच बास्केटबॉलचे कीर्तिमंदिर. नाव नेस्मिथ यांचे. आजची इमारत २००२ सालची.

जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. १८९१ च्या हिवाळ्यात ते इथल्या वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेले, दांडगे विद्यार्थी. त्यांना गुंतवून ठेवणारा खेळ शोधा, असा वरिष्ठांचा हुकूम. (वर्गात मागच्या बाकांवर बसलेले अठरा जण ज्याने सांभाळले आहेत, त्यालाच नेस्मिथांची अवस्था कळेल.) त्यांनी विचार केला: गोल जमिनीलगत असला की मुले जोर लावून चेंडू मारतात आणि डोकी फुटतात. तोच डोक्याच्या वर नेला, तर चेंडू हळुवार, कमान करून टाकावा लागेल. ताकद मागे पडेल, कसब पुढे येईल. त्यांनी शिपायाकडे खोकी मागितली. खोकी नव्हती; त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. सज्जा होता जमिनीपासून दहा फूट. पहिला सामना २१ डिसेंबर १८९१ रोजी झाला, आणि त्यात एकच गोल झाला.

ते कडे आजही दहा फुटांवरच आहे. मला गंमत वाटली ती याची. एका गवंड्याने सज्जा दहा फुटांवर बांधला, म्हणून जगभरच्या लाखो मुलांचे हात मोजले जाऊ लागले! आणि नेस्मिथांनी टोपली वर टांगली ती दांडगाईला आळा बसावा म्हणून. पण वर टांगलेल्या वस्तूचे सख्य शेवटी उंचांशीच जमते.

घुमटाच्या आत, वर गोलाकार ओळींत मानकऱ्यांची चित्रे आहेत. मान मोडेपर्यंत आम्ही ती पाहिली. भाचा एरवी अबोल, पण इथे त्याची जीभ सुटली. तो सांगत होता आणि मी, बऱ्याच वर्षांनी, विद्यार्थी झालो होतो.

"मामा, उंचीत डोकं आणि मान पण मोजतात. पण डोक्याने चेंडू अडवता येतो का? खरी पोच खांद्यापासून सुरू होते." म्हणून दोन खेळाडू सारखेच उंच असले, तरी लांब हातांचा आधी पोचतो. प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू हवेत अडवायला, दुसऱ्याला दिलेला चेंडू मध्येच काढून घ्यायला, कड्यावरून परतलेला चेंडू धरायला. एन.बी.ए.च्या खेळाडूंची वाव उंचीपेक्षा सरासरीने शेकडा सहा अधिक असते. साडेसहा फुटी माणूस, आणि वाव सात फुटांच्या जवळपास. बॉस्टनचे बिल रसेल यांची वाव सात फूट चार इंच सांगतात; १९५६ ते १९६९ या तेरा हंगामांत त्यांच्या संघाने अकरा अजिंक्यपदे मिळवली. ड्रेमंड ग्रीन २०१२ च्या निवडीत पस्तिसावा आला, कारण त्याच्या जागेच्या मानाने तो बुटका ठरला. उंची साडेसहा फूट. पण वाव सात फूट एक इंच. २०१७ साली तोच सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आपल्या पुराणांत श्रेष्ठ पुरुषाला आजानुबाहू म्हणतात, गुडघ्यापर्यंत हात पोचणारा. मला ती आजवर कवींची अतिशयोक्ती वाटे. इथे आजानुबाहूंची रांगच लागली होती.

"पाहिलंस?" भाचा म्हणाला. "म्हणून सोडलं मी."

"मग हात लांब असले की झालं?" मी सहज विचारले. मास्तरांची ही जुनी खोड. उत्तर माहीत नसले की प्रश्न विचारावा.

तो थांबला. मग नाइलाजाने, पण प्रामाणिकपणे सांगू लागला. २०१९ साली टॅको फॉल नावाच्या सेनेगलच्या तरुणाची मापे घेतली. वाव आठ फूट दोन इंच. जमिनीवर टाचा टेकून हात वर केला तर कड्याच्याही वर जाई. एन.बी.ए.त त्याला फार थोडे सामने मिळाले. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच. २०१५ साली निवडला गेलेला पहिला भारतीय. एन.बी.ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उलट जे. जे. रेडिक याची वाव उंचीपेक्षा थोडी कमीच. तो पंधरा हंगाम टिकला, लांबून अचूक चेंडू टाकण्याच्या जोरावर. स्टीफन करीची वाव उंचीपेक्षा जेमतेम इंच-दीड इंच जास्त. लांबून तीन गुण मिळवण्याचा विक्रम त्याने डिसेंबर २०२१ मध्ये मोडला. आणि १९८७ साली वॉशिंग्टनच्या संघात दोघे शेजारी उभे राहिले: सात फूट सात इंचांचा मनूट बोल, आणि पाच फूट तीन इंचांचा मग्जी बोग्ज. बोग्ज चौदा हंगाम खेळला.

"पण मामा," तो लगेच म्हणाला, "हे अपवाद आहेत. अपवाद दाखवून मला फसवू नकोस."

मुलगा खरे बोलत होता. मी काही त्याला फसवले नाही. हात लांब असणे ही या खेळात मोठीच गोष्ट आहे, आणि ती तालमीने मिळत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की, कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी स्वतःला बुटका म्हटले आहे. उंचांच्याच हाताला लागणाऱ्या फळासाठी हात उंचावणारा. लोक हसतील, हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने काव्य लिहिलेच.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या बुटक्याला उडी मारता येत नव्हती का?"

खाली घुमटाच्या तळाशी खेळण्यासाठी मैदान आहे. तिथे लहान-मोठी माणसे चेंडू टाकत होती. तो गेला. पहिले चार चुकले, पाचवा कड्याला न शिवता आत गेला. मेहुणे आणि मी, दोघांनीही दुसरीकडे पाहिल्यासारखे केले.

घरी परतल्यावर त्याने मला गॅरेजच्या भिंतीशी उभे केले आणि मापे घेतली. उंची पाच फूट सहा इंच. वाव पाच फूट नऊ! पेन्सिल हातात धरून तो माझ्याकडे असा पाहत राहिला, की मला चोरी पकडल्यासारखे वाटले. जन्मभर मी हे हात ग्रंथालयाच्या वरच्या फळीवरची पुस्तके काढायला आणि फळ्याचा कोपरा पुसायला वापरले. देणाऱ्याने कुणाला काय द्यावे, याचा हिशेब असा असतो.

"मामा, वेस्ट आहेस तू," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

मी परतलो. डिसेंबरात ताईचा निरोप आला. मुख्य संघात त्याला घेतले नव्हते. धाकट्या संघात घेतले. तिथेही बहुतेक वेळ बाकावरच बसतो. पण सकाळी शाळेआधी अंगणात चेंडूचा आवाज येतो, बर्फ असला तरी.

मराठीत वाव या शब्दाला दुसराही अर्थ आहे. वाव म्हणजे संधी, मोकळी जागा. पसरलेल्या हातांची वाव माणसाच्या हातात नसते. या दुसऱ्या वावाचे मात्र मला अजून सांगता येत नाही. ते मोजायला भिंतीवर खुणा करून भागत नाही.