शोकेसमधलं पोवळं

परवा दिवाळीची साफसफाई चालली होती. शोकेसमधला पांढरा तुकडा भाचीच्या हाती लागला. "मामा, हा दगड कसला?"

"दगड नाही गं, प्रवाळ. मालवणचं."

"म्हणजे आजीच्या अंगठीतलं पोवळं?"

आली का पंचाईत! आईला कुणीतरी मंगळासाठी पोवळं घालायला सांगितलं होतं, ते आपल्या सराफ बाजारातून आणलेलं. ते लाल, दागिन्यातलं. मालवणचं त्याचं लांबचं भावंड म्हणा. इवलेइवले जीव चुन्याची घरं बांधत राहतात, त्यांचेच हे खडक होतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानालाही भरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ हा भाडेकरू बाहेर काढतं, पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर उपाशी मरतं.

हे सगळं आता माहीत आहे. २०१४ साली नव्हतं.

त्या वर्षी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आम्ही स्नॉर्केलिंग केलं. गोदावरीत पोहायला शिकलेली माणसं आम्ही, समुद्रात दम लागला. मी खालच्या खडकावर चक्क उभा राहिलो, हात वर करून फोटोसुद्धा काढून घेतला. पायाखाली पापड मोडावा तसं काहीतरी मोडलं. नावाडी ओरडला, तोवर तुकडा माझ्या मुठीत होता. दुपारी खाणावळीत तांबोशी दोनदा मागवली. तांबोशीसारखे मासे अशाच खडकांच्या आडोशाने राहतात, हे तेव्हा कुठे ठाऊक!

नंतर वाचलं, की तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. गोलसर वाढणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझा तुकडा तळहाताएवढा आहे. हिशेब तुम्हीच करा.

अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, पोटाची चिंता म्हणून. पूर्वी त्या बातम्या वाचून मला त्यांचाच राग यायचा. पण खडकावर उभा राहिलो होतो मी, पाहुणा.

"मग परत नेऊन ठेवू या ना," भाची म्हणाली. मेलेला तुकडा चिकटत नाही, असं सांगितलं. असा तुकडा घरात बाळगणंही कायद्यात बसत नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही. वन खात्याच्या कार्यालयात जाऊन काय बोलायचं याची दोनदा तालीम केली आहे. तो फोटो अजून अल्बममध्ये आहे. त्यात मी हसतोय.