उष्टं

देवनहळ्ळी पूर्वी दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं: किल्ल्याजवळचं टिपू सुलतानाचं जन्मस्थान आणि चक्कोता, म्हणजे आपलं पपनस. मे २००८मध्ये बंगळूरचा नवा विमानतळ गावाच्या वेशीवर सुरू झाला, मागोमाग कारखाने आले, आणि आता संध्याकाळी किल्ल्यावर जर्मन, कोरियन, जपानी माणसंही फिरताना दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांना इथे दोन-तीन वर्षं काढायची असतात. त्यांच्यासाठी एका कंपनीने छोटी पुस्तिका करायला घेतली. इथे कसं जेवावं, कुणाच्या घरी गेल्यावर काय करावं, काय टाळावं. इंग्रजी मजकूर मी लिहायचा होता. कंपनीचा दुसरा कारखाना चाकणला. तिथल्या अतिथिगृहातले आचारी आणि ड्रायव्हर यांच्यासाठी मराठी अनुवादही माझ्याकडेच होता. पाहुण्यांना काय सांगितलंय ते यजमानांनाही ठाऊक असावं, एवढाच हेतू.

सुरुवात मजेत झाली. कुणी ‘ऊट आय्ता?’ म्हणून विचारलं तर ते जेवायचं आमंत्रण नव्हे, नुसती विचारपूस. ‘आय्तु’ म्हणावं आणि पुढे जावं. निघताना माणूस ‘बर्तीनी’, म्हणजे ‘येते’ म्हणतो; तो लगेच परत येईल म्हणून दारात थांबू नये. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उंडा, चावायचा नसतो. तुकडा मोडून, सारात बुडवून गिळायचा. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. जेवण झालं की पान आपल्या बाजूला मिटायचं.

मी सोलापूरची. कानडी लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे हे सगळं लिहिताना परकं काहीच वाटत नव्हतं. ‘जेवलात का?’ आणि ‘येते हं’ आपणही म्हणतोच. कोसंबरी आणि कोशिंबीर यांना तर अनुवादकाची गरजच नाही.

मग ‘उष्टं’ हा शब्द आला. पाहुण्याने टाळायच्या गोष्टींत तो हवाच होता: आपल्या पानातला चमचा वाढायच्या भांड्यात घालू नये, तोंड लावलेली बाटली दुसऱ्याला देऊ नये. कन्नडमध्ये याला ‘एंजलु’. सोवळ्याला ‘मडी’, ओवळ्याला ‘मैलिगे’, खरकट्याला ‘मुसुरे’. कन्नड मजकूर करणाऱ्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना आम्ही दोघंही खूश होतो. जोडीला जोडी लागत होती, एकही शब्द अडत नव्हता.

इंग्रजीत मात्र एकही शब्द मिळेना. शेवटी मी वाक्य लिहिलं, ‘आरोग्याच्या दृष्टीने भारतात लाळेचा स्पर्श झालेलं अन्न इतरांना देत नाहीत.’ लिहिलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मसुदा वाचायला मी आमच्याच वसाहतीत राहणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरबाईंना दिला. चाळिशीच्या, काटेकोर. दोन दिवसांनी कागद घेऊन आल्या आणि त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे आरोग्याचं कारण मला पटलं नाही.’ एका सहकाऱ्याच्या घरी त्यांनी पाहिलं होतं की नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच पानात आजी जेवायला बसल्या. ‘तेव्हा लाळ कुठे गेली?’

मी हसले, पण उत्तर सुचेना. मग आठवत गेलं. आई लेकराच्या ताटातलं उरलेलं खाते. देवापुढचा नैवेद्य प्रसाद होतो. तो देवाचा उष्टा असूनही, किंवा असल्यामुळेच. बायकोने नवऱ्याचं उष्टं खाल्लं तर ते पातिव्रत्य, नवऱ्याने बायकोचं खाल्लं तर चेष्टा. उष्टं वरून खाली चालतं, खालून वर चालत नाही. जंतूंना ही दिशा कळत नाही, ती माणसांनाच कळते.

ओमप्रकाश वाल्मीकींचं ‘जूठन’ मी विद्यार्थिदशेत वाचलं होतं. मूळ हिंदी पुस्तक १९९७चं. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद झाला तेव्हा अरुणप्रभा मुखर्जींनी शीर्षक तसंच ठेवलं, ‘जूठन’. त्या पुस्तकात लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळींवरचं उरलंसुरलं गोळा करणारी माणसं आहेत. तो शब्द इंग्रजीत का नेता येत नाही, यावर मी एके काळी निबंधही लिहिला होता. आणि त्याच शब्दावर मी ‘आरोग्य’ नावाचं झाकण ठेवून मोकळी झाले होते.

आम्ही बोलत असतानाच आमच्याकडे काम करणाऱ्या अक्का आल्या. त्यांच्या परसात चक्कोत्याचं झाड आहे. इथल्या चक्कोत्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पूर्वीसारख्या बागा आता राहिल्या नाहीत, त्यामुळे घरचं फळ म्हणजे अप्रूप. अक्कांनी जाड साल सुरीने चिरून काढली, पाकळ्या सोडवल्या, वरचा पांढरा पापुद्रा काढला आणि गुलाबी गर हातानेच आमच्या हातांवर ठेवला. बाईंनी तो चवीने खाल्ला, मीही खाल्ला.

मग मी चहा केला. दोन कपांत आमच्या दोघींचा ओतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतला स्टीलचा पेला घेऊन त्यात अक्कांचा. त्या पेला घेऊन नेहमीसारख्या मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, पेल्याच्या रिकाम्या जागेकडे, आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘त्यांचा पेला बाकीच्या भांड्यांत का नसतो? हेही आरोग्यासाठीच का?’

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पुस्तिकेत काही राहिलंय का, एवढंच त्या तपासत होत्या.

मी म्हणाले, ‘त्यांची सवय आहे.’ हे पूर्ण खोटं नव्हतं, पण सवय आधी कोणाची, हे मला माहीत होतं. सोलापूरच्या आमच्या घरी मागच्या कोनाड्यात असाच एक पेला असायचा. आई सोवळ्यात स्वयंपाक करायची. तो पेला विसळायचा तो ज्याचा त्याने. ते घर सुटलं, सोवळं सुटलं, मी शहरं बदलली. पेला मात्र माझ्यासोबत आला आणि कधी आला ते मला कळलंही नाही. महाडच्या चवदार तळ्याची तारीख, २० मार्च १९२७, मी झोपेतही सांगेन. बाबा आढावांच्या ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीवर मी मजकूर अनुवादले आहेत. आणि माझ्या खिडकीत सात वर्षं एक पेला वेगळा ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांना आमच्यातल्याच कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘बेडा, अम्मा,’ म्हणाल्या. नको. मी आग्रह केला. मग त्या म्हणाल्या, ‘त्या पेल्यात चहा जास्त मावतो.’

यावर मला काही बोलता येईना. त्यांना कप नको होता, की माझ्या मनाच्या समाधानासाठी स्वतः अवघडून बसायचं नव्हतं, की खरंच चहाच जास्त हवा होता? विचारण्याचा हक्क मी कधीच गमावला होता. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला ‘अम्मा’ म्हणतात. त्याचाही अर्थ मी कधी विचारला नव्हता.

आठवडी बाजारातून मी तसेच सहा पेले आणले. आता घरात सगळे त्यातच चहा पितात. सगळे एकसारखे, एकाच मांडणीत. कुठला कोणाचा हे ओळखू येत नाही. तरी पहिले काही दिवस चहा ओतताना माझा हात क्षणभर थांबायचा, अक्कांचा जुना पेला कोणता असेल ते शोधायचा. तळाशी किंचित पोचा आहे त्याला. आता एकदा तो माझ्या वाट्याला येतो, एकदा पाहुण्यांच्या. अक्का अजून पायरीवरच बसतात. मीही कधी माझा पेला घेऊन तिथे बसते. बोलणं होतं ते पावसाचं, मुलांचं, कधी चक्कोत्याला लागलेल्या किडीचं. त्यापलीकडे अजून आम्ही गेलो नाही.

पुस्तिकेतलं ते वाक्य मी बदललं. लिहिलं की उष्टं म्हणजे तोंड लागलेलं अन्न. ते कोणी कोणाचं खावं आणि कोणाचं खाऊ नये, हे इथे नातं आणि जात यांवरून ठरत आलं आहे. आणि काही घरांत आजही काही माणसांचे पेले वेगळे दिसतील. कंपनीने कळवलं की पाहुण्यांसाठी एवढं खोलात जाणं बरं नव्हे. इंग्रजीत ‘आरोग्य’ परत आलं.

मराठी आवृत्तीचे मुद्रितशोधन माझ्याकडेच होतं आणि ती तिकडे फारसं कोणी वाचत नाही. मराठीत खरं तर काहीच समजावण्याची गरज नव्हती. ‘उष्टं देऊ नये’ एवढं म्हटलं असतं तर चाकणच्या आचाऱ्याला सगळं कळलं असतं, आणि म्हणूनच काही विचारावंसंही वाटलं नसतं. मी ती तिन्ही वाक्यं तशीच ठेवली आहेत.