चोविसावा हिस्सा

खऱ्या मोटारीवरचा रंग, प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळे थर धरून, साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाड असतो. मोटार चोवीसपट लहान केली, तर रंगही तेवढाच पातळ व्हायला हवा. म्हणजे चार-पाच मायक्रॉन. एवढ्याशा रंगाने खालचं प्लॅस्टिक झाकलंच जात नाही. कितीही जपून मारला तरी तीन-चार हातांत शंभर मायक्रॉन सहज जमतात. उलटा हिशेब मांडला, तर आपल्या छोट्या मोटारीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर रंग थापलेला असतो. तिची पुढची काच एक मिलिमीटरची, म्हणजे मूळ मापात इंचभर जाड. मंत्र्यांच्या ताफ्यात खपून जाईल अशी बुलेटप्रूफ. पत्र्याचीही तीच कथा. आणि इतकं सगळं चुकीचं असूनही ती टेबलावर ठेवली की हुबेहूब दिसते. प्लॅस्टिकच्या मोटारी जोडण्याच्या छंदात माझं मन गुंतलं आहे ते या हुबेहूबपणाच्या कोड्यात.

एकास चोवीस हे माप इंच-फुटांच्या जगातून आलेलं आहे. एका फुटाला अर्धा इंच, एवढा सरळ हिशेब. अमेरिकेत मात्र एकास पंचवीस रुजलं. तिथे मोटारविक्रेत्यांच्या शोरूममध्ये नव्या मॉडेलच्या छोट्या, तयार प्रतिकृती ठेवलेल्या असत. गिऱ्हाइकाला दाखवायला आणि त्याच्या पोराला खूश करायला. डेट्रॉइटच्या परिसरातल्या एएमटीसारख्या कंपन्या त्या बनवत. सुरुवातीचं त्यांचं प्लॅस्टिक ॲसिटेटचं; काही वर्षांत ते वाकायचं, पिळवटायचं आणि बिचाऱ्या फोर्डची पाठ कमानीसारखी व्हायची. पुढे पॉलिस्टायरीन आलं आणि तो आजार गेला. १९५८ मध्ये एएमटीने त्याच मोटारी सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढल्या. एका खोक्यात तीन पर्याय होते : शोरूममधून निघाली तशी मोटार करा, हौशी सजावटीची करा, नाहीतर शर्यतीची करा. तेव्हापासून हजारो अमेरिकी मुलांनी वडिलांना न परवडणाऱ्या गाड्या स्वयंपाकघराच्या टेबलावर उभ्या केल्या.

मापाशी इमान राखण्याची हद्द पाहायची तर जपानमध्ये शिझुओकाला जावं लागतं. तामिया ही तिथली कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या व्यवसायातून उभी राहिली आणि पुढे प्लॅस्टिकच्या किटमध्ये जगभर नावाजली गेली. पुढे तिचे प्रमुख झालेले शुनसाकू तामिया यांनी पोर्श ९३४ चं एकास बारा मापाचं मॉडेल करायला घेतलं. फोटो काढून झाले, मापं घेऊन झाली, तरी काही कोपऱ्यांचा उलगडा होईना. तेव्हा त्यांनी सरळ एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. ती पुन्हा जोडायला अर्थातच कसबी मेकॅनिक लागले. १९७६ मध्ये ते किट बाजारात आलं. आपल्याकडे अशा माणसाला घरच्यांनी काय ऐकवलं असतं, याची कल्पना सहज करता येते. पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग अधिक आवडतो. गाडीचा स्क्रू न् स्क्रू पाहून झाल्यावरही कारागिरांना ठरवावं लागलंच, की यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. नेमका तोच निर्णय किट जोडणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा येतो.

खोकं उघडलं की आत सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. त्यातून भाग कटरने सोडवायचा, देठाचा उरलेला टवका ब्लेडने काढायचा, साच्याच्या दोन पाकळ्या जिथे मिळतात तिथली बारीक शिवण घासून घालवायची. डिंक इथला वेगळा. तो भागांना चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवतो आणि स्वतः उडून जातो. मागे राहतो एकच अखंड तुकडा. त्यामुळे इथे सांधा जुळला की कायमचा जुळला.

त्यानंतरचं काम थेट आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधलं आहे. खड्ड्यांत लांबी भरा, वॉटर पेपर मारा, प्रायमर द्या, दोष दिसले की पुन्हा वॉटर पेपर. मग रंगाचा पहिला हात अगदी हलका, नुसता शिडकावा, दुसरा थोडा भरीव, तिसरा ओला. वर क्लिअर. तो पुरता वाळला की दोन हजार नंबरच्या कागदापासून चढत जाऊन ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, घालवायचा आणि पॉलिश करायचं. फरक एवढाच, की गॅरेजवाल्याचा बॉनेट चार फुटांचा आणि आपला दोन इंचांचा. इथे कडेवर कागदाचा एक जादा फेरा गेला की रंग उडून प्लॅस्टिक दिसतं. कोकणात आणि मुंबईत ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि झळझळीत काळा रंग दुधट पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर कापायचं, घासायचं, जोडायचं. रंगाला दसऱ्यानंतर हात घालायचा.

आपल्याकडे छोटं जग उभं करायची परंपरा नाही असं नाही. दिवाळीचा किल्ला आहेच. तिथे महाराज बुरुजाएवढे, मावळे दरवाज्यापेक्षा उंच, आणि अळिवाचं शेत तटबंदीच्या वर डोकावणारं. कुणाला ते खटकत नाही, कारण त्या जगात माणसाची उंची त्याच्या मानावरून ठरते. मोटारीच्या मॉडेलमध्ये मान नाही, फूटपट्टी आहे. पण फूटपट्टीच्या मागे शहाण्यासारखं चालत राहिलं तरी फसगत होते. खऱ्या मोटारीच्या मेटॅलिक रंगात ॲल्युमिनिअमचे वीसेक मायक्रॉनचे कण असतात. तोच रंग छोट्या मोटारीवर मारला, तर मूळ मापात ते कण अर्ध्या मिलिमीटरचे होतात आणि गाडी रुपेरी चमकीची ओढणी पांघरून आल्यासारखी वाटते. म्हणून मॉडेलसाठी अधिक बारीक कणांचा रंग निवडायचा. दरवाजा आणि बॉडी यांच्यातली फट चार मिलिमीटरची. चोविसाव्या हिश्श्यात ती मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही बारीक. ती डोळ्याला दिसावी म्हणून किट बनवणारे ती रुंद ठेवतात आणि आपण तिच्यात पातळ केलेला गडद इनॅमल सोडतो. लाल गाडीला तपकिरी, पांढऱ्या गाडीला राखाडी. पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की ती मोटार लगेच वहीतलं चित्र होते. टायरवरची साच्याची चकाकी पॉलिश पेपरने मारून टाकावी लागते, कारण रस्त्यावर धावलेल्या टायरला चकाकी नसते. सगळ्यात गमतीची रीत पिवळ्या रंगाची. पिवळा अंगाने दुबळा, खालचं झाकत नाही. त्याच्याखाली आधी गुलाबी हात दिला, की तो उबदार आणि भरीव उठतो.

पिवळ्यावरून मुंबईच्या टॅक्सीकडे येणं भाग आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डी काढली; तीच पुढे प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी झाली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. चार मीटरहून थोडी कमी असलेली ही गाडी चोविसाव्या हिश्श्यात सोळा सेंटिमीटरची होते. किटचा धंदा डेट्रॉइट आणि शिझुओकाच्या आवडीनिवडींवर वाढला, त्यामुळे मस्टँग आणि स्कायलाइन जितक्या सहज मिळतात तितकी आपली पद्मिनी मिळत नाही. स्टायरीनच्या कोऱ्या पट्ट्या कापून ती स्वतः घडवायची, तर प्रश्न मापांचे उरत नाहीत, मापं मिळतात. प्रश्न असतो कोणती पद्मिनी करायची याचा. कारखान्यातून निघालेली, की दादरच्या स्टँडवर उभी असलेली? दुसरी हवी असेल तर बाहेर डाव्या हाताला बसवलेलं मीटर हवं, टपावर सामानाचं कॅरिअर हवं, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हवा आणि छताच्या आतल्या बाजूला फुलाफुलांचं रेक्झीन. काळा रंग कोरा करकरीत चालणार नाही. उन्हापावसाने आणि रोजच्या फडक्याने तो जरा मवाळ झालेला असला पाहिजे. यातलं काहीही कंपनीच्या नकाशात सापडत नाही. ते टॅक्सीत बसलेल्या माणसाने पाहिलेलं असावं लागतं.

मला या छंदातलं सार इथेच दिसतं. मोटार लहान करण्याचं काम साचा करतो. ती खरी करण्याचं काम बघणाऱ्याचं असतं. गुलाबीवर पिवळा, रुंद केलेली फट, मुद्दाम मंद केलेला टायर, या सगळ्या मापाशी केलेल्या छोट्या बेइमानी आहेत. पण त्या करायच्या तर खरी गाडी आधी नीट पाहावी लागते, आणि फूटपट्टी कधी बाजूला ठेवायची हेही कळावं लागतं. गाड्यांच्या वेडापेक्षा या पाहण्याच्या सवयीने मला अधिक दिलं आहे. आता सिग्नलला उभं असताना शेजारच्या गाडीच्या दाराची फट, तिच्यात साचलेल्या धुळीचा रंग आणि चाकाच्या कमानीवर उडालेला चिखल आपसूक नजरेत भरतो. वेळ बरा जातो.

या छंदाला एक रोग मात्र आहे : खोकी जमवण्याचा. जोडण्याच्या वेगापेक्षा घेण्याचा वेग नेहमी जास्त असतो, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर न उघडलेल्या मोटारींची थप्पी चढत जाते. त्यामागे खर्चापेक्षा भीती अधिक असते. कोऱ्या भागांतली मोटार मनात निर्दोष असते. कटर लावला की ती आपल्या हातची होणार, म्हणजे उणी होणार. तुमच्या घरात असं एखादं खोकं पडून असेल, तर या दिवाळीत ते उघडा. साधं, स्वस्त किट असेल तर फारच उत्तम. रंगावर धुळीचा कण बसेल, डिकल, म्हणजे चिकटवायचं चित्र, तिरकं लागेल, दिव्याची काच हातातून उडून सोफ्याखाली जाईल. बिघडू द्या. बिघडलेली मोटार दुसरी चांगली करायला शिकवते; खोक्यातली कुणालाच काही शिकवत नाही.